उसनी पात्रं, स्वतःची गोष्ट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला ‘फॅनफिक्शन’वरचा लेख मी दोनदा वाचला. आवडत्या कादंबरीतली किंवा मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या नव्या गोष्टी, अशी त्याची ओळख लेखात बरोबर करून दिली आहे. पण पुढे दोन विधानं येतात. एक, हे इंटरनेटवर वाढलेल्या पोरांचं खूळ आहे. दोन, दुसऱ्याची पात्रं उचलून लिहिणं ही सभ्य दिसणारी चोरी आहे. पहिलं विधान चुकीचं आहे. आणि दुसऱ्यासारख्याच एका शेऱ्यामुळे माझ्या घरातल्या मुलीनं महिनाभर वही उघडलेली नाही. म्हणून हे पत्र लांबलं आहे. कात्री न लावता छापता आलं तर छापावं.

माझी नात एफ. वाय. बी. ए.ला आहे. यंदा कॉलेजच्या कथास्पर्धेसाठी तिनं अकरा फुलस्केप पानांची गोष्ट लिहिली. शेरलॉक होम्स धबधब्यात पडून मेला असं सगळं जग समजत होतं, त्या १८९१ ते १८९४ या तीन वर्षांची ती गोष्ट आहे. तेवढ्या काळात बेकर स्ट्रीटवरच्या त्याच्या खोल्या कोणी सांभाळल्या? मूळ कथेत याचं उत्तर ओझरतं येतं. भाऊ मायक्रॉफ्टनं खोल्या होत्या तशा राखल्या आणि घरमालकीण मिसेस हडसननं त्यांची काळजी घेतली. होम्स अचानक दारात उभा राहिला तेव्हा तिला स्वतःला आवरता आलं नाही, एवढंच वाक्य आहे. म्हणजे तो जिवंत असल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं! नातीला ते वाक्य बोचलं. तिची हडसनबाई दर महिन्याला होम्सच्या इराणी सपातेत ठेवलेली सुकी तंबाखू काढते आणि ताजी भरते. होम्सनं भिंतीवर गोळ्या झाडून राणीची आद्याक्षरं उमटवली होती. गिलावा करायला आलेल्या गवंड्याला ती दारातूनच परत लावते. जिन्याला सतरा पायऱ्या. रोज संध्याकाळी शेवटच्या पायरीवर तिचा पाय थांबतो, कारण आत दिवा लावायचा की नाही हे तिला ठरवता येत नाही. तो दिवा वाचताना मला माझं यजमान गेल्यानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. मी पान खाली ठेवलं आणि थोड्या वेळानं पुढे वाचलं.

गोष्ट परत आली ती पहिल्या पानावर लाल शेरा घेऊन : ‘स्वतंत्र लेखन नाही. पात्रं उसनी. स्पर्धेतून बाद.’

स्पर्धेचे नियम परीक्षकांनी ठरवावेत, त्याला माझी हरकत नाही. पण अकरा पानांतली एक ओळसुद्धा कुठून उतरवलेली नाही. या प्रकाराचा इतिहास आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही, म्हणून असा शेरा इतक्या सहज मारला जातो. गेले तीन महिने नात मला इंग्रजी वाचून दाखवते, अडलं की आम्ही शब्दकोश काढतो. जे समजलं ते मांडते.

मी मिरजेतल्या एका शाळेत १९७१ पासून तेहतीस वर्षं क्लार्क होते. पगारबिलं, दाखले, आणि सहामाही-वार्षिकच्या प्रश्नपत्रिका. प्रश्नपत्रिका म्हणजे सायक्लोस्टाईल. ज्यांनी ते यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची, म्हणजे अक्षराचा खिळा थेट स्टेन्सिलच्या मेणकागदावर बसतो आणि अक्षर कापलं जातं. जोर कमी पडला तर छपाईत अक्षर फिकं. जास्त पडला तर ‘ठ’च्या पोटातली चकती निघून पडते आणि कागदावर तिथं काळा ठिपका उमटतो. चूक झाली की ब्रशनं लाल द्रव लावायचा, फुंकर मारून वाळवायचा, त्यावर पुन्हा टाइप करायचं. मग स्टेन्सिल ड्रमवर चढवून हँडल फिरवायचं. शाई नखांच्या कडांना चार-चार दिवस राहायची. पानं छापून झाली की लांब बाकांवर गठ्ठे मांडायचे आणि आम्ही तिघी-चौघी बाकांभोवती फेऱ्या मारत एकेक पान उचलून संच लावायचो. शेवटच्या बाकावर स्टेपलर.

नातीनं जुन्या अंकांच्या पानांचे फोटो दाखवले तेव्हा ती छपाई मी लांबूनच ओळखली. अमेरिकेत सप्टेंबर १९६६ मध्ये ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची मालिका सुरू झाली. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, देव्रा लँगसम आणि शेर्ना कॉमरफर्ड या दोघींनी ‘स्पॉकानालिया’ नावाचा अंक काढला. मालिकेतल्या स्पॉक या पात्रावरून ते नाव. लँगसम व्यवसायानं ग्रंथपाल. अंकात कविता होत्या, स्पॉकच्या ग्रहावरच्या चालीरीतींवर लेख होते आणि चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी होत्या. स्टार ट्रेकच्या चाहत्यांचा हा पहिला अंक मानला जातो. छपाई याच जातीच्या यंत्रावर, स्टेन्सिल कापून. मालिकेचे कर्ते जीन रॉडनबेरी यांनी अंकाचं कौतुक केलं आणि आपल्या कार्यालयात तो सगळ्यांनी वाचलाच पाहिजे असं कळवलं. आजच्या फॅनफिक्शनचं बाळंतपण असं झालं : बायकांच्या स्वयंपाकघरात आणि बैठकीच्या खोलीत, टाइपरायटरवर. इंटरनेट तेव्हा कुणाच्या घरात नव्हतं. पुढे १९७१ नंतर इकडे मी सातवीच्या भूगोलाची स्टेन्सिल कापत होते, तेव्हाही तिकडे माझ्यासारख्याच हातांनी बायका गोष्टींच्या स्टेन्सिली कापत होत्या आणि टेबलाभोवती फिरून संच लावत होत्या. हे कळल्यावर मला झालेला आनंद या पत्रात मावणार नाही.

याहून मागे जायचं तर आपण आत्ता ज्या सदरात आहोत तिथंच जावं लागतं. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचं मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं छापताना पत्रलेखकाचा पूर्ण पत्ताही छापत. त्या पत्त्यांवर वाचक परस्पर एकमेकांना लिहू लागले. त्यांच्या ओळखी झाल्या, मंडळं झाली, मंडळांची स्वतःची पत्रकं निघाली. शिकागोच्या अशाच एका पत्रमंडळानं मे १९३० मध्ये काढलेलं ‘द कॉमेट’ हे त्यातलं पहिलं समजतात. चाहत्यांच्या अशा अंकांसाठीचा ‘फॅनझीन’ हा शब्द १९४० चा. गंमत अशी की तेव्हा ‘फॅनफिक्शन’ म्हणजे हौशी चाहत्यानं लिहिलेली किंवा चाहत्यांविषयीची कोणतीही गोष्ट. दुसऱ्याच्या पात्रांवरची गोष्ट हा अर्थ स्टार ट्रेकच्या वेळी पक्का झाला. संपादक महाराज, ही सगळी चळवळ वाचकांच्या पत्रव्यवहारातून उभी राहिली आहे.

पत्रांची ताकद पुढेही दिसली. दुसऱ्या वर्षानंतर स्टार ट्रेक बंद होणार अशी हवा झाली तेव्हा बीजो ट्रिंबल या बाईंनी नवऱ्याच्या साथीनं देशभर चाहत्यांना लिहितं केलं. आलेल्या पत्रांचा वाहिनीनं स्वतः सांगितलेला आकडा एक लाखाच्या वर होता. १ मार्च १९६८ रोजी भाग संपल्यावर लगेच वाहिनीनं पडद्यावरूनच जाहीर केलं की मालिका चालू राहील. एकच वर्ष वाढलं; १९६९ मध्ये ७९ भागांवर ती थांबली. थांबली म्हणून गोष्टी थांबल्या नाहीत, उलट वाढल्या. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांचं पहिलं मोठं संमेलन झालं. आयोजकांची अपेक्षा काहीशे माणसांची होती, आली तीन हजारांवर. अंक तिथं हातोहात गेले. किंमत कागद, शाई आणि टपालाची, नफा कुणी ठेवायचा नाही हा अलिखित नियम.

प्रकारही याच काळात पडत गेले. लेखात त्यांची नुसती नावं आहेत, त्यामागचं काही नाही. ‘मेरी सू’ घ्या. पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये एक छोटीशी विडंबनकथा लिहिली. साडेपंधरा वर्षांची मेरी सू ही अंतराळयानांच्या ताफ्यातली सगळ्यात तरुण लेफ्टनंट, तिला सगळं येतं, सगळे तिच्या प्रेमात, आणि शेवटी ती मरते तेव्हा सगळे रडतात. नवख्या लेखिका स्वतःलाच गोष्टीत घुसवतात, त्यावर तो चिमटा होता. तो खरा होता. पण पुढं त्याच नावानं कित्येक मुलींना गप्प केलं गेलं, आणि ते मला पटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीनं पहिल्या गोष्टीत स्वतःला शूर आणि सुंदर केलं तर काय बिघडलं? मुलग्यांच्या साहसकथांचे नायक दुसरं काय करत आले आहेत?

दोन पुरुषपात्रांत प्रेम असल्याच्या गोष्टींना ‘स्लॅश’ म्हणतात, ते स्टार ट्रेकमधला कप्तान कर्क आणि स्पॉक या नावांमधल्या तिरक्या रेघेवरून. त्यातली पहिली छापील कथा १९७४ ची. लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच. नातीनं हे सांगितलं तेव्हा मी आधी अवघडले. मग तिनं एक गोष्ट वाचून दाखवली. एकमेकांसाठी जीव टाकणारी दोन माणसं आणि बोलता न येणारं प्रेम, एवढंच तिच्यात होतं. माझं अवघडणं माझ्यापाशी. त्या लेखिकांनी ते अशा काळात लिहिलं, जेव्हा असा अंक टपालानं पाठवणंसुद्धा धाडसाचं होतं.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो शुश्रूषेच्या गोष्टींचा प्रकार. एक पात्र जखमी होतं किंवा आजारी पडतं, दुसरं त्याच्या उशाशी बसतं. मालिकेत नायकाला गोळी लागते आणि पुढच्या भागात तो टुणटुणीत उभा असतो. मधल्या रात्री कोणी काढल्या ते दाखवायला पडद्यावर वेळ नसतो. यजमानांच्या डायलिसिसची दोन वर्षं मी आठवड्यातून दोन दिवस सांगलीच्या दवाखान्यात बाकावर काढली. त्या बाकावरची गोष्ट कोणत्याही मालिकेत नसते. ती चाहत्यांनी लिहिली, पुन्हा पुन्हा लिहिली, आणि वाचणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा मागितली, यात मला नवल वाटत नाही. बाकी प्रकार भराभर सांगते : तीच पात्रं वेगळ्या जगात टाकणं, वाईट शेवट बदलणं, मूळ कथेतला सुटलेला प्रसंग भरणं, बरोब्बर शंभर शब्दांत गोष्ट बसवणं. नातीची हडसनबाई सुटलेल्या प्रसंगात मोडते.

आता चोरीचं. इथं बरेच जण रामायण-महाभारताचा दाखला देतात. आपल्या कवींनी आख्यानं लिहिली, कादंबऱ्या आल्या, मग याला चोरी का म्हणता? मी तो दाखला देणार नाही. माझी आजी जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या गायची आणि त्यात स्वतःची भर घालायची, ते मला ठाऊक आहे. पण सीता कुणा एका लेखकाची नाही. होम्स, स्पॉक हे कुणाचे तरी आहेत किंवा होते, म्हणून प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तरही वेगळं दिलं पाहिजे.

उत्तर असं. गोष्टीच्या माथ्यावर ‘पात्रं माझी नाहीत, यातून मी पैसे मिळवत नाही’ असं लिहायची प्रथा या लोकांनी स्वतःहून पाडली आणि वर्षानुवर्षं पाळली. चोर असं लिहून ठेवत नाही. मूळ मालकांचं वागणं मात्र एकसारखं नव्हतं. ‘स्टार वॉर्स’च्या कंपनीनं १९८१ मध्ये अंक काढणाऱ्यांना अश्लील मजकुराबद्दल ताकीद दिली. अ‍ॅन राइस या कादंबरीकार बाईंनी २००० मध्ये आपल्या पात्रांवर कुणी लिहू नये असं सांगितलं, आणि ते लेखन मोठ्या संकेतस्थळावरून उतरवलं गेलं. त्यांचा तो अधिकार मी मानते. आणि होम्सच्या कर्त्याचं काय? विल्यम जिलेट या नटानं होम्सवरचं नाटक बेतताना आर्थर कॉनन डॉइल यांना तारेनं विचारलं, होम्सचं लग्न लावू का? डॉइल यांनी कळवलं की लग्न लावा, खून करा, त्याचं हवं ते करा. खुद्द जन्मदात्यानं दिलेली मोकळीक आहे ही! शिवाय डॉइल यांना जाऊन नव्वदांवर वर्षं झाली. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, अमेरिकेतही होम्सच्या शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ पासून मोकळ्या झाल्या. नातीनं ‘उसनं’ घेतलं ते कुणाचं, हे शेरा मारणाऱ्यानं सांगावं.

लिहायला शिकण्याच्या दृष्टीनं पाहा. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी १९६०च्या दशकात, कॉलेजच्या वयात, स्टार ट्रेकच्या चाहत्यांच्या अंकात लिहिलं आणि अंक काढायला हातभार लावला. पुढं त्यांना कादंबरीसाठी चार वेळा ह्यूगो हा विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार मिळाला. उसन्या पात्रांवर हात बसला आणि मग स्वतःची माणसं उभी राहिली. पात्राचा स्वभाव आधीच ठरलेला असतो, तो सांभाळून नवं वाक्य त्याच्या तोंडी घालायचं हे सोपं काम नाही. चुकलं तर वाचक लगेच सांगतात, ‘स्पॉक असं बोलणार नाही.’ मराठीच्या तासाला अशी तालीम कोण करून घेतं?

इंटरनेटवर १९९८ मध्ये फॅनफिक्शन.नेट सुरू झालं आणि जगभरची मुलं एका जागी आली. लेख तिथून सुरू होतो, इतिहास तोवर तीस वर्षांचा झाला होता. नंतरची एक घटना मात्र लेखात हवी होती. २००७ मध्ये एका कंपनीनं चाहत्यांच्या कथांवर धंदा उभारायचा घाट घातला. लिहिणाऱ्या बायका चिडल्या. कादंबरीकार नओमी नोविक यांनी मांडलं की आपलं स्वतःचं घर हवं, आपण चालवलेलं, जाहिराती नसलेलं. त्यातून संस्था उभी राहिली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ (आपला स्वतःचा संग्रह) हे संकेतस्थळ खुलं झालं. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये बाईला लिहायला स्वतःची खोली हवी म्हटलं होतं, नाव त्यावरून. संकेतस्थळाची प्रणाली स्वयंसेवकांनी लिहिली. कित्येक जणी त्यासाठी प्रोग्रॅमिंग शिकल्या. खर्च देणग्यांवर चालतो. २०१९ मध्ये या साऱ्या संग्रहाला मिळून ह्यूगो पुरस्कार मिळाला. आज तिथं एक कोटीहून जास्त कृती आहेत. याच वाटेवरची एक कथा नावं बदलून पुस्तकरूपानं बाजारात गेली आणि तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या, हे लेखात ठळक छापलं आहे. मला ती वाट पसंत नाही. शेकडो वाचकांनी फुकट दिलेल्या अभिप्रायांवर ती गोष्ट घडली होती. पण कोटीतल्या त्या एकीवरून बाकीच्यांना तोलू नये.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती माझ्या मनाला फार लागलेली आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात या जुन्या अंकांचे गठ्ठे खोक्यांत नीट जपून ठेवले आहेत. सायक्लोस्टाईलची पानं, कडा पिवळ्या पडलेल्या, अभ्यासकाला मागितल्यावर टेबलावर आणून देतात. आमच्या शाळेतही दरवर्षी दिवाळीनंतर हस्तलिखित अंक निघायचा. सुवाच्य अक्षराच्या मुली तो उतरवून काढायच्या, चित्रकलेचे सर मुखपृष्ठ करायचे. आठवीतल्या एका मुलीनं वाचनालयातल्या गुप्तहेराला आमच्या मिरज जंक्शनवर उतरवून तंतुवाद्यांच्या गल्लीत चोरीला गेलेली सतार शोधायला लावली होती. तो अंक मी हातात घेऊन वाचलेला आहे. तेव्हा या प्रकाराला काही नाव असतं हे आम्हांला माहीत नव्हतं. तिला बक्षीस मिळालं होतं, कंपासपेटी. शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा तीस वर्षांचे हस्तलिखित अंक रद्दीत गेले. मी त्या दिवशी रजेवर होते. आपल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी, शाळेत, वाचनालयात असे अंक असतील तर ते किलोवर घालू नका, एवढं मात्र ठळक छापा.

माझी विनंती दोन गोष्टींची. ‘इंटरनेटवर वाढलेल्या पोरांचं खूळ’ या विधानाची दुरुस्ती पुरवणीत यावी. आणि हे पत्र माझ्या नावानं छापू नये, कारण नाव छापलं की नातीचं कॉलेज ओळखू येईल आणि तिला ते नको आहे. गावाचं नाव मात्र नक्की छापा. मिरज-सांगलीत आणखी एखादी मुलगी वहीच्या मागच्या पानांवर असंच काही लिहीत असेल, आणि तिच्याच गावात ते वाचायला कुणीतरी आहे हे तिला कळलं पाहिजे.

आपली नियमित वाचक,
(नाव छापू नये)
मिरज